बोर्ड घेण्याआधी ऊन आणि लाइन बघा

मित्रहो, सेन्सर वाचायला आणि पंप चालवायला छोटा कॉम्प्युटर-बोर्ड घ्यायला निघालेला माणूस आधी रॅम आणि प्रोसेसर विचारतो. आपल्या खान्देशात पहिला प्रश्न वेगळा हवा: बोर्ड बसणार कुठे, आणि त्याला वीज मिळणार कुठून?

रावेर-यावलकडची केळीची बाग घ्या. मातीतली ओल मोजून ठिबकचा पंप चालवायचा आहे. बागेत रास्पबेरी पाय 4 (पत्त्यांच्या कॅटएवढा पूर्ण कॉम्प्युटर) ठेवला, तर काही काम नसतानाही तो साधारण 3 वॉट खातो, म्हणजे दिवसाला 72 वॉट-तास. 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 84 असतात. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते. उरले 42. चौदा तासही धड निघत नाहीत. ओल मोजायला ईएसपी32, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड, पुरे. पंधरा मिनिटांनी उठतो, मोजतो, वायफायवर आकडा पाठवतो आणि झोपतो.

शिवाय रास्पबेरी पायला ॲनालॉग पिनच (सेन्सरचा कमी-जास्त होणारा व्होल्टेज वाचणारी पिन) नाही, त्याला एमसीपी3008 सारखी वेगळी चिप जोडावी लागते. ईएसपी32 मध्ये ती सोय आहे, पण सेन्सर 32 ते 39 यांपैकीच पिनवर लावा. बाकीच्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना भरवशाच्या नाहीत. सेन्सर कपॅसिटिव्ह (पट्ट्या झाकलेला) घ्या. उघड्या पट्ट्यांचा सेन्सर ओल्या मातीत गंजतो.

मग रास्पबेरी पाय कधी? कॅमेऱ्याने पानांचे फोटो काढून तपासायचे असतील, किंवा आठ-दहा सेन्सरांची नोंद एका जागी साठवायची असेल तेव्हा. तो घरात, सावलीत ठेवा. जळगावच्या मे महिन्यात बाहेरच 45 अंश असतात, बंद डबीत त्याहून जास्त. चिप 80 अंशांवर गेली की पाय स्वतःचा वेग कमी करतो. स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं, म्हणजे व्होल्टेज कमी पडतोय, तर दोष बहुधा बारीक केबलचा किंवा मोबाइलच्या चार्जरचा. पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 ॲम्पिअर लागतात, पाय 5 ला 5 ॲम्पिअर. आणि लिहिणं चालू असताना लाइन गेली, की मेमरी कार्ड बिघडतं. म्हणून सिस्टिमचं कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवा (पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंग प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे) आणि नोंदी एसएसडीवर घ्या. घरात छोटा यूपीएस असेल तर फारच चांगलं.

आता पंपाकडचा बोर्ड. तो लाइनवर चालला तरी हरकत नाही. लाइन गेली की पंपही बंदच. इथे एक चूक वारंवार होते. पाय आणि ईएसपी32, दोन्ही बोर्डांच्या पिना 3.3 व्होल्टच्या, आणि बाजारातलं रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) 5 व्होल्टचं. बोर्डाने ‘बंद’ सांगितलं तरी 5 आणि 3.3 मधल्या 1.7 व्होल्टवर मॉड्यूलमधला ऑप्टोकपलर (बोर्डाचा इशारा प्रकाशाने रिलेकडे पोचवणारी चिप) अर्धवट चालू राहतो आणि रिले सुटत नाही. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या वेगळ्या वीजपिनचा) जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, असेल तर तो काढा, व्हीसीसीला 3.3 द्या आणि जेडी-व्हीसीसीला 5. रिलेवरून थेट मोटर मात्र कधीच चालवू नका. रिलेने फक्त स्टार्टरची कॉइल ओढायची, आणि ते वायरिंग वायरमनकडूनच करून घ्यायचं.