रुईच्या चिकाचे भाडेकरू

[दृश्य: भर उन्हातला माळ, रस्त्याकडेला रुईचं झुडूप]

शनिवारी मारुतीच्या गळ्यात ज्या पानांची माळ पडते, ती ही रुई. आजूबाजूचं गवत गुरांनी पार खुडून नेलेलं असतं, पण हिच्याकडे सहसा कुणी वळत नाही. पान तोडलं की पांढरा चीक ओघळतो. "डोळ्यांत जाईल हं!" हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी ओरडलेलं असतं, आणि ती भीती खरी आहे.

[दृश्य: तुटलेल्या देठातून चीक]

हा चीक पान चावणाऱ्याचं तोंडच चिकटवून टाकतो. शिवाय त्यात कार्डेनोलाइड ही विषं असतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो; ही विषं नेमका तोच बंद पाडतात.

[दृश्य: पानावर अळी]

तरी ही बघा, मजेत खातेय. काळे-पिवळे-पांढरे पट्टे, पाठीवर शिंगांसारख्या तीन जोड्या. प्लेन टायगर फुलपाखराची अळी. आधी ती पानाची शीर कुरतडते, चीक तिथेच वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. नळाची दुरुस्ती करण्याआधी आपण मेन कॉक बंद करतो, तसंच. या कुळातल्या काही फुलपाखरांच्या पेशींमधल्या पंपाची घडणही जरा बदललेली असते, त्यामुळे विषाची पकड ढिली पडते. थोडं विष अंगात साठतं आणि पक्षी तोंड फिरवतात. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर रुई न खाताच हुबेहूब प्लेन टायगरसारखे नारिंगी पंख मिरवते. फुकटचा दरारा!

पिवळा मावा आणि रंगीत नाकतोडाही इथेच मुक्कामाला असतात.

[दृश्य: रुईचं फूल, अगदी जवळून]

पण खरी कारागिरी फुलात आहे. पानाला विष ठीक, फुलाला मात्र पाहुणा हवा. रुईचे परागकण सुटे उडत नाहीत. त्यांच्या दोन पुड्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात आणि चिमटा फुलाच्या बारीक फटीत दडलेला असतो. लाकूड पोखरणारा काळा भुंगा मधासाठी येतो. त्याचा पाय फटीत अडकतो आणि निघताना चिमटा सोबत येतो. पुढच्या फुलाच्या फटीत पुडी बरोबर बसली, तरच फळ धरतं. म्हणून झुडूपभर फुलं, पण फळं मोजकीच. भुंग्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला पाय सोडवायची घाई!

[दृश्य: उकललेलं फळ, वाऱ्यावर तरंगणारं बी]

फळ उकलतं आणि आतल्या रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. लहानपणी यांच्यामागे धावला असाल.

[दृश्य: दुसरं फळ, चिरून उघडलेलं]

हे शेजारचं फळ मात्र नुसतं बाहेरून भरलेलं दिसत होतं. आत रुईच्या फळमाशीच्या अळ्या आहेत. बिया केव्हाच संपल्या.