जिवाची भीती आणि गावाची भीती

नमस्कार, श्रोतेहो.

समुद्रात बुडून पर्यटक दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे ठरलेल्या मोसमात येतात. मे महिन्यात, जूनच्या पहिल्या पावसात, दिवाळीच्या सुट्टीत. 'पाण्याचा अंदाज न आल्याने' हे शब्द त्या बातमीत असतातच. मग नाक्यावर दोन मतं पडतात. एक म्हणतो, प्यायलेले असणार. दुसरा म्हणतो, वेळ भरली होती. एवढं झालं की आपण सुखाने चहा पितो, कारण पुढे विचार करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मला मात्र त्या बातमीतली मधली काही मिनिटं छळतात. पाय सुटल्यापासून हात थांबेपर्यंत तो माणूस काय करत होता? आणि जे चाललं होतं ते तो करत होता, की त्याच्याकडून होत होतं?

आधी पाण्याचं समजून घेऊ. लाटा किनाऱ्याशी पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूचा जो बुडीत बांध असतो त्याला कुठेतरी खिंड असते, तिथून ते अरुंद पट्ट्यात जोराने समुद्रात आत निघतं. काठावरून बघणाऱ्याला हा पट्टा शांत दिसतो. तिथे लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. आणि लक्षात घ्या, ही निवड त्याने डोकं वापरूनच केलेली असते. लाटा कमी म्हणजे धोका कमी, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकलेला, पण हिशेबच.

पाय सुटले की हिशेब संपतो. सगळं अंग एकच गोष्ट ओरडून सांगू लागतं: किनाऱ्याकडे, सरळ, लाव जोर. आता पाण्याची ही ओढ सेकंदाला 2 मीटरपर्यंत जाऊ शकते. ऑलिंपिकमध्ये 100 मीटर पोहणारे गडी जवळपास याच वेगाने जातात, आणि तेही 50 सेकंदांच्या आत काठाला लागून धापा टाकतात. म्हणजे समोर किनारा दिसतोय, आपली माणसं दिसताहेत, आणि हात मारून मारून माणूस जागच्या जागी थकतोय. तो थकून जातो, आणि थकला म्हणून बुडतो. ती ओढ कुणाला खाली खेचत नाही, फक्त किनाऱ्यापासून दूर नेते. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहलं तर पट्टा संपतो. तेवढं बळ नसेल तर उताणं तरंगत हात वर करून मदत मागावी. पण किनारा डोळ्यांसमोर असताना आडवं वळायचं, हे अंगाला पटत नाही. ते आधी कधीतरी डोक्यात बसलेलं असावं लागतं.

बुडणारा वाचवायला आलेल्याच्या खांद्यावर चढतो. सख्खा भाऊ असला तरी त्याला खाली दाबून आपलं नाक वर काढतो. म्हणून जाणता जीवरक्षक रिकाम्या हाताने जवळ जात नाही, मध्ये रिंग नाहीतर फळी ठेवतो. एकाला काढायला गेले आणि दोघे गेले, या बातमीमागे पुष्कळदा हेच असतं. बुडणाऱ्याला यासाठी कुणी कृतघ्न म्हणत नाही. तिथे 'तो' नसतोच, नुसता जीव असतो.

कठोपनिषदातला रथ आपण कीर्तनात ऐकलेला आहे. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. चित्र देखणं आहे, पण त्यात मला एक अडचण वाटत आली आहे. सारथी घोड्यांच्या आधी कुठून आला? क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1946 साली आपल्या मानवतावादाची 22 सूत्रं मांडली, त्यांत या अडचणीला उत्तर आहे. स्वातंत्र्याची आस म्हणजे जगण्यासाठी चालणाऱ्या जैविक झगड्याचाच वरच्या पायरीवरचा पुढचा भाग, असं ते म्हणतात. म्हणजे बुद्धी आकाशातून उतरलेली नाही. ती घोड्यांच्याच कुळातली, थोडी उशिरा जन्मलेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखा वेदान्त कोळून प्यायलेला माणूस रॉय यांच्या विचाराकडे वळला, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नाही.

आणि थोरल्या घोड्यांना उगाच मूर्ख म्हणू नये. श्वास रोखून बघा. थोड्या वेळाने छाती बंड करते. आपल्याला वाटतं प्राणवायू संपला. खरं तर रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड ती हाकाटी करत असतो, प्राणवायू तेव्हा बराच शिल्लक असतो. ही व्यवस्था फार जुनी आहे, आणि जमिनीवर ती आपल्याला न विचारता चोख चालते. घोटाळा होतो तो अनोळखी जागी. तारकर्लीला स्कुबा शिकवतात तिथे पहिला नियम हाच असतो की श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा कोंडून ठेवून वर आलात, तर ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. घाबरलेलं अंग नेमकं तेच करतं: श्वास कोंडून वर झेप. म्हणून शिकवणारा तुम्हाला उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा तीच गोष्ट करायला लावतो. ऐन वेळी विचार सुचणार नाही हे त्याने गृहीतच धरलेलं असतं. आधी केलेला विचार अंगात मुरवायचा, एवढाच मार्ग त्याच्यापाशी आहे.

इथवर पाण्याची गोष्ट. पण आपल्यापैकी बहुतेक जण काही बुडत नाहीत. आपण गावात राहतो. आणि जिवाची दुसरी भीती, माझ्या मते जास्त चिवट भीती, गावात असते.

दक्षिण रत्नागिरीतल्या एका वाडीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशा वाड्या कितीतरी आहेत. देवळाच्या वर्गणीवरून एका घराचं गावकीशी वाजलं. ठराव लिहिला गेला नाही, असे ठराव लिहीत नाहीत. पण शिमग्यात पालखी घरोघरी नाचवली जाते ना, ती त्या घराच्या खळ्याशी आली, ढोल वाजतच राहिले आणि पालखी पुढच्या घरी गेली. त्या घरच्या बाईने ओटीचं ताट भरून ठेवलेलं होतं. नारळ, तांदूळ, खण, सगळं जागेवर. नंतर देवळात गाऱ्हाणं झालं. 'चुकल्यामाकल्याला वाट दाखव' म्हटल्यावर सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा दुकानात गेला तर दुकानदार म्हणाला, 'मीठ नाय.' मिठाची गोण मागे दिसत होती.

हा दुकानदार वाईट माणूस नाही. मी त्याच्याशी बोललो आहे. त्याचं म्हणणं असं: उद्या माझ्या घरात मयत झालं तर खांदा कोण देणार? पोरीच्या लग्नात मांडवाला हात कोण लावणार? हे भेदरलेल्याचं बोलणं नाही. शांतपणे, एकेक गोष्ट धरून केलेला युक्तिवाद आहे. पाण्यातली भीती बुद्धीला धक्का मारून बाजूला सारते. गावातली भीती बुद्धीला कामाला ठेवते. तिच्याकडून कारणं लिहून घेते. बुद्धी ही भावनांची दासी आहे, असं स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 सालीच लिहून ठेवलं आहे. तिने दासीच असावं, असंही तो म्हणतो. त्या दुकानात उभं राहिलं की पहिलं वाक्य पटतं, दुसरं पटत नाही.

वाळीत टाकणं आपल्याकडे नवीन नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरुडने, म्हणजे दापोलीजवळच्या मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईने त्यांना घरात ठेवून घेतलं तर घरालाही तीच शिक्षा. कर्वे पुण्यात प्राध्यापक होते, त्यांची चूल पेटती होती. गावात राहणाऱ्या आईने ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार आपण कमी करतो.

आता माणूस स्वतंत्र आहे म्हणजे नक्की काय, यावर जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने 1788 साली एक प्रसंग रचला, तो सांगतो. राजा एका माणसाला बोलावतो आणि म्हणतो, अमक्या सज्जन माणसाविरुद्ध खोटी साक्ष दे, नाहीतर आत्ताच्या आत्ता फाशी. तो माणूस काय करील? कांट म्हणतो, आपण काय करू हे त्याला स्वतःला सांगता येणार नाही. पण नकार देणं आपल्याला शक्य आहे, एवढं त्याला कबूल करावंच लागेल. 'करायला हवं' हे त्याला कळतं, आणि त्यातूनच 'करता येईल' हे कळतं. स्वातंत्र्य दिसतं ते इथे. कांटने साक्षीचंच उदाहरण घ्यावं, याचं मला कौतुक वाटतं. तलवार नाही, रणांगण नाही. एक वाक्य बोलायचं की नाही, एवढंच.

आपल्या किनाऱ्याने यापुढचं पाऊल टाकलेलं आहे. 1927 च्या 20 मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या लोकांना त्याच दिवशी मार बसला. पुढे डिसेंबरच्या परिषदेत डॉ. आंबेडकर म्हणाले की हे पाणी प्यायलो नाही म्हणून आजवर आपण मेलो नव्हतो, आणि प्यायलो म्हणून अमरही होणार नाही. तळ्यावर जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला. आता इथे रॉय यांचं सूत्र ताणलं जातं. जगण्यासाठी त्या पाण्याची गरज नव्हती, उलट जगणंच धोक्यात येणार होतं. तरी लोक ओंजळ घेऊन वाकले.

आणि चरी. अलिबाग तालुक्यातल्या या गावात 27 ऑक्टोबर 1933 ला सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे जमीनमालकाची, जमीन कसायची नाही. निम्मं आणि त्याहून जास्त पीक खोताच्या घरी, वर वेठ, हे आता पुरे. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट पट्ट्यातल्या, शेतकऱ्याला हे काय पडलं असेल ते शहरातल्या श्रोत्यांना कळायला जरा अवघड आहे. मृगाचा पाऊस लागतो. बांधाच्या आत गोडं पाणी भरतं. राब भाजायचा, रोपं टाकायची, हात शिवशिवायला लागतात. घरात कणगी रिकामी. आणि समोरचं शेत पडीक ठेवायचं. बांध राखला नाही तर खांड जाते, खारं पाणी आत शिरतं आणि जमीनच नासते, हेही ठाऊक. पोट एक सांगतंय, ठराव दुसरं. एखाद्या फाशीच्या क्षणी दाखवायचं धैर्य निराळं, आणि हे निराळं. हा संप 1939 पर्यंत चालला. लाकूडफाटा विकून, मजुरी करून माणसांनी दिवस काढले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात कूळ कायदा झाला.

कांटचा माणूस एकटा आहे. चरीचे लोक एकटे नव्हते, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकले. 'आपलं तेवढं गुपचूप कसून घेऊ' हा विचार पहिल्याच आषाढात कुणाच्या मनात आला नसेल, असं मी मानत नाही. पण शेजाऱ्याचंही शेत पडीक होतं. गंमत बघा, मिठाची गोण लपवायला लावणारं गाव आणि सहा वर्षं उपाशीपोटी ताठ ठेवणारं गाव, माणसं तीच. तीच गावकी, तेच एका सुरातलं 'व्हय'. त्यामुळे गावकीला नुसत्या शिव्या घालणाऱ्यांत मी नाही, आणि तिच्या नावाने गहिवरणाऱ्यांतही नाही.

आता आपल्याकडे कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्यामागे रायगड आणि रत्नागिरीतल्या तक्रारींचा मोठा रेटा होता. पण खटला उभा राहायला साक्षीदार लागतो, आणि तो असतो त्याच वाडीतला. पोलीस विचारतात. उत्तर ठरलेलं: 'असं काय नाय साहेब, कोण बोलत नाही त्यांच्याशी? शेतीची कामं, सवड नाय.' इथे फाशी द्यायला राजा नसतो. खांदा द्यायला येणार नाहीत, एवढंच.

त्या वाडीत पुढे झालं ते असं. वाळीत पडलेल्या घरची बाई महिला बचत गटात होती. गटाने मिळून बँकेचं कर्ज उचललेलं. एकीने भरलं नाही की सगळ्यांवर येतं. महिन्याच्या बैठकीला तिला बोलवायचं की नाही, यावर घराघरांतून पुरुषांनी डोळे वटारले. गटाच्या अध्यक्षीण बाईंनी गावकीच्या मानकऱ्याला विचारलं, 'भाऊ, तिचा हप्ता तुम्ही भरताय काय?' मानकरी गप्प. मग पहिल्या महिन्यात दोघीजणी तिच्या पडवीत जाऊन बसल्या, पासबुकं घेऊन. चहा झाला. पुढच्या महिन्यात पाचजणी गेल्या. पोलिसांनी त्यांतल्या एकीला बहिष्काराबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'होता. पालखी आली नाही, दुकानात मीठ दिलं नाही, मी बघितलंय.' घरी आल्यावर नवऱ्याने कारण विचारलं, तर म्हणाली, गटाच्या बाईला तुरुंगाबाहेरच तुरुंगात ठेवलं तर हप्ते कोण भरणार.

कांटला हे कारण चाललं नसतं. कर्तव्य म्हणून खरं बोललेलं तेवढंच त्याच्या लेखी खरं मोलाचं. हप्त्याची काळजी मिसळली की त्याच्या तराजूत वजन घटतं. मला ही तक्रार फारशी मनावर घ्यावीशी वाटत नाही. त्या बाईने हप्त्याचं निमित्त आधी शोधलं की साक्ष द्यायचं आधी ठरवलं, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, 'सर, तुमाला काय फरक पडतो?'

नमस्कार.