कोंबडीचे २१ दिवस, म्हशीचे २१ दिवस

नमस्कार मंडळी. मागच्या मावश्या पुढं या ना, इथं जागा आहे. पत्रिकेवर विषय छापलाय 'छोट्या गोठ्याचा ताळेबंद'. तो मी सांगणारच आहे, पण आधी आमच्या चंद्रीची गोष्ट सांगू द्या, तिच्याशिवाय तो ताळेबंद कळायचा नाही.

आमचं सांगोल्याकडं चार एकर कोरडवाहू. दोन पंढरपुरी म्हशी, एक खिल्लार गाय, पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या आणि आईच्या कोंबड्या. म्हणजे इथल्या निम्म्या घरांत आहे तेच. पंढरपुरी ज्यांनी पाळलीय त्यांना माहितीय, शिंगं तलवारीसारखी पार खांद्याच्या मागं गेलेली, दोघी शेजारी बांधायच्या तर दावणीत अंतर जास्तच सोडावं लागतं. पण कडब्यावर दिवस काढेल आणि उन्हाला दाद देणार नाही अशी ही म्हैस, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तर मी दहावीला होते तेव्हा चंद्री वेऊन सहा-सात महिने झाले तरी गाभ धरेना. धरेना म्हणजे काय, ती माजावर आलेली कुणाला दिसतच नव्हती. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर उड्या टाकते, अख्ख्या गल्लीला कळतं. म्हशीचा माज मुका, त्यात उन्हाळा, आणि जे काय दाखवायचं ते ती रात्री नाहीतर पहाटे दाखवणार. दादा, म्हणजे माझे वडील, दिवसभर रानात. शेवटी घरात विकायचं बोलणं सुरू झालं, बाजारचा दिवससुद्धा ठरला.

आता आई काय करायची, दूध घालायचा हिशेब चुकू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचं सकाळ-संध्याकाळचं दूध लिहायची. (इथं किती घरांत असं लिहितात, हात वर करा बरं. बघा, सगळे हात बायकांचेच!) अभ्यास करताना माझी नजर त्या कॅलेंडरवर जायची. चंद्रीचं सकाळचं दूध एरवी साडेतीन लिटर. ४ मार्चला अडीच. परत साडेतीन. २५ मार्चला पुन्हा अडीच. मी आईला विचारलं हे असं का गं, तर ती म्हणाली, त्या दिवशी चोरलं तिनं, पान्हाच सोडेना, आणि कासेला हात लावला की सारखी शेपूट वर करायची. हे तिला सगळं ठाऊक होतं! फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग तिनं बोटांवर मोजलं, मला अजून डोळ्यासमोर दिसतंय, पिठाचा हात तसाच, चार ते पंचवीस. म्हणाली, अगं हे तर कोंबडीचे दिवस झाले. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, हे ती लहानपणापासून मोजत आलेली. म्हशीचंही २१ दिवसांचंच चक्र असतं हे तिला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या मिनिटाला स्वतः काढलं.

पुढचा दिवस येत होता १५ एप्रिल. आदल्या रात्री आईनं गोठ्यातच बाज टाकली. पहाटे चंद्री बारीक आवाजात रेकली, थोडं थोडं मुतायला लागली, आणि बॅटरी मारली तर काचेसारखा बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लोंबत होता. आईनं दादांना उठवलं नाही, आधी कॅलेंडरवर १५ तारखेला गोल केला. संध्याकाळी कृत्रिम रेतन झालं आणि चंद्री त्याच खेपेला गाभण राहिली. म्हशीचे दहा महिने दहा दिवस, पुढच्या फेब्रुवारीत रेडी झाली.

आता मला जे कायम लागून राहिलंय ते बोलते. रेतनाला जे आले होते त्यांनी आईनं माहिती द्यायला तोंड उघडलं तर विचारलं, घरात पुरुषमाणूस कोण आहे? डेअरीत दूध घालायचं कार्ड दादांच्या नावावर, जनावरांच्या शिबिराचा निरोप दादांना, आणि धार काढणारी, शेण काढणारी, वैरण टाकणारी, आजारी वासराजवळ रात्र काढणारी आई मात्र कुठल्याच कागदावर नाही. दादा वाईट नाहीत हो, त्यांनाही कधी सुचलं नाही. पण जनावराचं पहिलं कळतं ते धार काढणाऱ्या हाताला, कास गरम लागली, दुधात गुठळी आली, रवंथ थांबली, हे दुपारी गोठ्यात डोकावणाऱ्याला दिसतच नाही.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. मग ताळेबंद भरभर सांगते, लिहून घ्या.

गाय, म्हैस, शेळी, तिघींचा माज साधारण २१ दिवसांनी. एक माज हुकला म्हणजे २१ दिवसांचा फुकट खुराक, दिवसाला १५० रुपये धरले तरी ३१५० रुपये, आणि वेत लांबलं ते वेगळंच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतनानंतर एकविसाव्या दिवशी परत नीट बघा, उलटली नसेल, म्हणजे परत माजावर आली नसेल, तरी दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्याच. विण्याआधी दोन महिने दूध आटवा, दुधाच्या लोभानं पिळत बसू नका. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, शेळीचे पाच महिने, वासराला चीक पहिल्या तास-दोन तासांतच. आणि हे सगळं लिहायला वही नको, ॲप नको, कॅलेंडरच बरं, कारण ते चुलीजवळ असतं, जाता-येता दिसतं. दूध लिहिताच आहात, त्याच चौकटीत माजाचा गोल करा, रेतनाची फुली मारा. आणि दुधाचं कार्ड धार काढणारीच्या नावावर करून घ्या, ह्याच महिन्यात, त्याचे पैसे तिच्या खात्यात जाऊ देत.

अजून लसीचं राहिलं, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, लम्पी... जाऊ दे, चहाला बोलू.

एक मात्र दाखवते. त्या एप्रिलचं पान मी आणलंय, हा बघा १५ चा गोल. मागच्या मावश्यांपर्यंत पोचू द्या, फक्त घडीवर विरलंय, जरा हळू धरा. आणि आई तिसऱ्या रांगेत बसलीय, निळ्या लुगड्यात, काही विचारायचं असेल तर माझ्याऐवजी तिला विचारा.