कॅलिस्टो: सुरुंग शोधणाऱ्या जहाजाची कहाणी

कॅलिस्टो या युद्धनौकेचा सांगाडा लोखंडाचा नाही, फायबरग्लासचा होता. समुद्रात पेरलेल्या अनेक सुरुंगांना लोखंडाचं चुंबकत्व जाणवतं आणि ते फुटतात. म्हणून ब्रिटिश नौदलाने ‘हंट’ वर्गाची अशी १३ जहाजं बांधून घेतली. लांबी जेमतेम ६० मीटर, पण आकाराच्या मानाने खर्च डोळे पांढरे करणारा.

त्यांतलं एचएमएस बर्कली, म्हणजे पुढचं कॅलिस्टो, १९८६ मध्ये साउदम्प्टनच्या वूल्स्टन गोदीतून पाण्यात उतरलं आणि १९८८ मध्ये नौदलात दाखल झालं.

या जहाजावरचं काम चिकाटीचं. वेग मुद्दाम कमी, कारण काही सुरुंग जहाज ढकलणाऱ्या पंख्याचा आवाजही टिपतात. सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून, समुद्राचा तळ चाळायचा. संशयास्पद काही दिसलं की तारेला बांधलेलं छोटं यान खाली सोडायचं. यानावरच्या कॅमेऱ्यातून बघायचं, सुरुंग असेल तर शेजारी स्फोटक ठेवून यान मागे घ्यायचं आणि मग सुरुंग उडवायचा. कधी पाणबुड्यालाच उतरावं लागतं. आणि बऱ्याचदा तिथे निघतो नुसता दगड, नाहीतर गंजलेलं पिंप!

१९९१ च्या आखाती युद्धात याच वर्गातल्या लेडबरी, डल्व्हर्टन अशा जहाजांनी कुवेतजवळचं पाणी मोकळं केलं.

२००१ मध्ये बर्कली ग्रीसला विकलं गेलं आणि त्याचं ‘कॅलिस्टो’ झालं. वापरलेलं जहाज कुणी कशाला घेईल? कारण नवं मिळवणं सोपं नाही. आपल्याकडे गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने अशी १२ जहाजं बांधायचं ठरलं होतं. वाटाघाटी फिसकटल्या, आणि २०१९ मध्ये आयएनएस कोळिकोड निवृत्त झाल्यावर भारतीय नौदलाकडे सुरुंग हटवणारं एकही जहाज उरलं नाही. एवढ्या लांब किनाऱ्याच्या देशाला हे परवडणारं नव्हतं, हे स्पष्टच सांगायला हवं.

कॅलिस्टोला मात्र सुरुंगाने धक्का लावला नाही. २७ ऑक्टोबर २०२०, ग्रीसमधल्या पिरेअस बंदराबाहेरची सकाळ. बंदरातून निघालेलं, अडीचशे मीटरहून लांब कंटेनर जहाज ‘माएर्स्क लॉन्सेस्टन’ येऊन धडकलं आणि कॅलिस्टोची पिछाडी कापली गेली. एवढ्या वजनापुढे पोलादी सांगाडाही कितपत टिकला असता, शंकाच आहे. कॅलिस्टोवरचे सगळे २७ जण वाचले, दोघांना किरकोळ दुखापत झाली. कंटेनर जहाजाच्या कप्तानाला अटक झाली. कॅलिस्टोचा उरलेला भाग तरंगत राहिला, तो ओढून सालामिसच्या नौदल तळावर नेण्यात आला.