भाजीपाल्यावरची जाळी : काय अडते, काय अडत नाही

मित्रहो, बाजारातून आणलेले वांगे चिरल्यावर आत अळी निघाली की घरात हळहळ होते आणि ‘यावर औषध मारलेच नाही वाटते’ असे कोणीतरी म्हणते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. त्या वांग्यावर अनेक फवारे झालेले असतात, आणि तरीही अळी आत असते. शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीची मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला सुटी अंडी घालते, तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि काही तासांतच कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरून आपल्याच विष्ठेने छिद्र बुजवून घेते. औषधाला ती सापडण्याची वेळ एवढीच. ती हुकली की शेतकरी दुसरा फवारा घेतो, मग तिसरा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. भाजीपाल्यावरचा फवाराही त्याच पंपाने आणि तसाच उघड्या तोंडाने होतो, म्हणून हा विषय मला केवळ उत्पन्नाचा वाटत नाही.

विषाणूजन्य रोगांच्या बाबतीत तर फवाऱ्याची मर्यादा आणखी स्पष्ट दिसते. मिरचीचा बोकड्या, टोमॅटोचा पर्णगुच्छ आणि भेंडीचा केवडा हे तिन्ही रोग पांढरी माशी पसरवते, आणि एकदा विषाणू झाडात गेला की त्याला बाहेर काढणारे औषध नाही. माशी मरते, पण मरण्यापूर्वी तिने रस शोषलेला असतो. नागपूर जिल्ह्यात भाजीच्या वाफ्याभोवती बहुतेक कपाशीच उभी असते. पांढरी माशी आणि तुडतुडे कपाशीवर वाढतात आणि तिथून आपल्या वाफ्यात उतरतात. शेजाऱ्याचे वावर आपल्या हातात नाही, पण आपला गादीवाफा किडी अडवणाऱ्या बारीक जाळीने झाकायचा की नाही, हे नक्कीच आपल्या हातात आहे.

आता जाळी घ्यायला गेल्यावर जो घोळ होतो, त्याविषयी थोडे सविस्तर बोलतो. दुकानात ‘पन्नासची जाळी द्या’ म्हटले की बऱ्याचदा हिरवी शेडनेट हातात पडते. शेडनेटवरचे पन्नास म्हणजे पन्नास टक्के सावली. कीडरोधक जाळीचे ‘५० मेश’ म्हणजे एका इंचात ५० छिद्रे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेडनेटमधून पांढरी माशी सहज आत जाते. माझ्या खिशात नेहमी एक भिंग आणि छोटी पट्टी असते. जाळी पट्टीवर ताणून धरायची, एका इंचातले धागे मोजायचे आणि मग पैसे द्यायचे. पांढऱ्या माशीचे अंग साधारण पाव मिलिमीटर रुंद असते. ४० मेशच्या जाळीत, धाग्याची जाडी वजा केली तर, छिद्र सुमारे ०.४ मिलिमीटर उरते. म्हणजे ती पुष्कळ माश्या थोपवते, पण सगळ्या नाही. रोपवाटिकेसाठी ५० मेश घेतलेली बरी. फुलकिडे मात्र त्याहूनही बारीक असतात आणि तिच्यातूनही शिरतात, त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावावेच लागतात. उलट वांग्यावरचा पतंग, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, वेलवर्गीय पिकांवरचे तांबडे भुंगेरे आणि फळमाशी यांना अडवायला साधे मच्छरदाणीचे कापडही पुरते. ज्याच्या घरी फक्त परसबाग आहे, त्याने महागड्या जाळीच्या मागे लागू नये.

जाळी कधी घालायची, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी मिरचीचे बी टाकले आणि रोपे दोन पानांवर आल्यावर, आठ-दहा दिवसांनी, बांबूच्या कमच्या रोवून जाळी चढवली. कडा मातीत नीट गाडल्या आणि निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी जाळी उचलली तेव्हा पानांच्या खाली मावा साखरेसारखा दाटला होता, पाने चिकट झाली होती आणि शेंडे आक्रसले होते. चार-दोन मावा आधीच आत होते. जाळीने त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना बाहेर ठेवले आणि त्यांना सुरक्षित घर बांधून दिले. तेव्हापासून बी टाकतो त्याच दिवशी जाळी चढते, कडा वीतभर खोल गाडल्या जातात आणि पाणी झारीने जाळीवरूनच दिले जाते. निंदणासाठी उघडायची वेळ आली तर सकाळी लवकर, एकच बाजू आणि तेवढ्यापुरतीच. कमच्या मध्यभागी निदान दोन फूट उंच हव्यात, कारण पान जाळीला टेकले की बाहेर बसलेली कीड तिथूनच अंडी घालते.

जमिनीकडेही बघावे लागते. फळमाशीची अळी मातीत उतरून कोष करते. गेल्या हंगामात जिथे कारली किडली, त्याच वाफ्यावर पुन्हा वेल लावून जाळी घातली तर माश्या आतच जन्म घेतील. वांग्याचे तसेच. उपटलेली जुनी झाडे सरपणासाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या ढिगातून पतंग बाहेर पडत राहतात. तो ढीग तिथून हलवल्याशिवाय जाळीचा खर्च करू नका, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्या उन्हाळ्यात जाळीचा त्रासही होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. बारीक जाळीतून वारा कमी खेळतो आणि आतले रोप अक्षरशः शिजते. त्या दिवसांत पूर्ण पीक झाकण्याचा हट्ट मी धरत नाही. पावसाळ्यात दमटपणामुळे रोपे बुडाशी कोलमडतात, तेव्हा बी विरळ टाकावे आणि पाणी बेताने द्यावे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोमॅटोची आणि कोबीची रोपे तयार होतात, तो काळ जाळीला सर्वांत मानवतो.

कोबी, पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) यांना मधमाशी लागत नाही, ती पिके काढणीपर्यंत झाकलेली चालतात. काकडी, कारले, भोपळा यांचे तसे नाही. मादी फुलामागे इवलेसे फळ दिसू लागले की जाळी काढावीच लागते, नाहीतर फुले येतील आणि गळतील. दोडक्याची आणि दुधीची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे फक्त सकाळी जाळी उघडून भागत नाही. मग फळमाशीचे काय? कारले बोटभर झाले की जुन्या मच्छरदाणीची सैल पिशवी शिवून ते फळ तिच्यात घालायचे आणि देठाशी सुतळीची सैल गाठ मारायची. पंधरा-वीस वेलांच्या परसात हे काम एका माणसाला रोज सकाळी अर्धा तास पुरते. काढणीनंतर पिशव्या धुऊन, वाळवून पुढच्या फळांना.