एका फायरफॉक्सच्या दोन चुली

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. तर विषय दिलाय लिनक्सवर एकाच वेळी दोन ब्राउझर चालवण्याचा, म्हणजे फायरफॉक्स आणि क्रोमियम असे दोन नाही हं, ते तर कुणीही चालवतं, तोच फायरफॉक्स दोनदा, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नको. मी घरून हिशोबाची कामं करतो, त्यात दोन गिऱ्हाइकांची रिटर्न्स एकाच साइटवर भरायची असतात, साइट एक आणि लॉगिन दोन. दुसऱ्या टॅबमध्ये दुसरं लॉगिन केलं की पहिलं बाहेर. एकदा तर तेही कळलं नाही, पहिल्याचा फॉर्म उघडाच होता, मी सेव्ह दाबलं आणि त्याचे आकडे जाऊन बसले दुसऱ्याच्या नावावर. नशीब तो नुसता ड्राफ्ट होता, नाहीतर त्या दिवशी दोन्ही गिऱ्हाइकं गेली असती.

आता कुणीतरी म्हणेलच, प्रायव्हेट विंडो उघडा की. उघडा, दोन लॉगिनचं भागतं. पण तिसरं आलं की अडलंच, कारण फायरफॉक्सच्या सगळ्या प्रायव्हेट विंडो मिळून कुकीजचं, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदींचं, गाठोडं एकच असतं, आणि त्यातली शेवटची बंद केली की सगळं साफ, रोज नव्याने लॉगिन आणि ओटीपी.

मग मी केलं काय, टर्मिनल उघडून पुन्हा फायरफॉक्स टाइप केलं. विंडो आली पण तीच, त्याच लॉगिनची. हे असं का होतं ते बघा. तुम्ही दुसऱ्यांदा चालवता तेव्हा तो नवा प्रोसेस, म्हणजे नुकतीच चालू झालेली प्रत, आधी चौकशी करतो, आपला कुणी इथे आधीच चालू आहे का? पूर्वी ही चौकशी एक्स-११ च्या, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, विंडोवर चिकटवलेल्या खुणांवरून व्हायची, हल्ली डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवरून, होते. कुणी सापडला तर नवा त्याला निरोप देतो, बाबा रे एक विंडो उघड, आणि स्वतः बंद होतो. म्हणजे चालू राहिला तो जुनाच.

यावर मी डोकं लढवलं की आपण दुसरा फायरफॉक्सच डाउनलोड करू. ही २०१९ च्या आधीची गोष्ट हं, आता काय होतं ते पुढे सांगतो. टारबॉल, म्हणजे अख्खा प्रोग्राम गुंडाळलेली फाइल, आणला, होममध्ये, म्हणजे आपल्या यूजरच्या जागेत, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडला, पहिला बंद करून हा चालवला. बघतो तर बुकमार्क तेच, लॉगिन तेच! प्रोग्राम दोन झाले पण ब्राउझर एकच राहिला. तिथे माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले म्हणजे काय झालं? वाडा तोच असतो, दिंडी दरवाजा तोच असतो, चूल वेगळी होते. फायरफॉक्सची चूल म्हणजे प्रोफाइल. होममध्ये सहसा डॉट मोझिला नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात फायरफॉक्स, आणि त्यात आठ यादृच्छिक अक्षरं, टिंब आणि नाव असं एक फोल्डर. कुकीज, बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड, एक्स्टेंशन, सगळं तिथे. उबुंटूवाल्यांनी तिथे शोधू नका, तुमचा फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकेज पद्धतीतून येतो, त्यामुळे हेच सगळं होममधल्या स्नॅप फोल्डरच्या पोटात असतं. फ्लॅटपॅक ही तशीच दुसरी पद्धत, ती वापरणाऱ्यांचं डॉट व्हारमध्ये.

तर चूल वेगळी करायची. फायरफॉक्स, स्पेस, डॅश, कॅपिटल पी. एवढं टाइप केलं की प्रोफाइल मॅनेजर येतो, 'ऑफिस' नावाचं नवीन बनवा. पुढच्या वेळी डॅश कॅपिटल पी, स्पेस, ऑफिस, आणि सोबत डॅश डॅश न्यू डॅश इन्स्टन्स. झालं. आधीचा चालू असताना हा वेगळा उघडतो, कोऱ्या पाटीसारखा.

जुन्या लेखांत सगळीकडे न्यू-इन्स्टन्सऐवजी नो-रिमोट वापरा असं सापडेल. चालतं ते, पण त्याचा त्रास असा की नो-रिमोटवाला कुणाचे निरोपच घेत नाही. तुम्ही मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं, लिनक्सने फायरफॉक्सला हाक मारली, याने ओ दिली नाही, मग नवा प्रोसेस तेच प्रोफाइल उघडायला गेला आणि पाटी आली, फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही. माणूस म्हणतो अरे समोर तर चालतोय की!

ही पाटी येते कुठून ते आता पडद्यावर बघा. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये ही लॉक नावाची सिमलिंक आहे, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल. बाण कुठे जातोय? १२७.०.१.१, कोलन, अधिक, आणि एक आकडा. अशी फाइल कुठेच नाहीये, सिमलिंकचा वापर नुसती चिठ्ठी म्हणून केलाय, की या मशीनवर या नंबरचा प्रोसेस इथे जेवायला बसलाय. शेजारी डॉट पॅरेंटलॉक आहे, त्यावर कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, कुलूप असतं, प्रोसेस मेला की ते आपोआप सुटतं. म्हणून घरच्या मशीनवर क्रॅश झाला तरी पुढच्या वेळी सहसा उघडतो. पण कॉलेजच्या लॅबमध्ये होम फोल्डर नेटवर्कवर असतं, पोरं एका मशीनवर ब्राउझर चालू ठेवून दुसऱ्यावर लॉगिन करतात आणि मग बोंबलतात. लॉक डिलीट करा म्हणून सल्ला मिळतो. करा, पण आधी पहिल्या मशीनवरचा खरंच बंद आहे ना ते बघा, दोघं एकाच चुलीवर बसले तर डेटाबेसची वाट लागते.

क्रोमियमचंही असंच, तिथे डॅश डॅश यूजर-डेटा-डिर देऊन दुसरं फोल्डर दाखवायचं. त्याच्या लॉकमध्ये मशीनचं नाव असतं. मी एकदा लॅपटॉपचं नाव बदललं, आणि मागची चिठ्ठी तशीच राहिलेली, तर पठ्ठ्या मला सांगतो हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे. तो दुसरा कॉम्प्युटर म्हणजे माझ्याच लॅपटॉपचं जुनं नाव!

मग प्रोग्रामची दुसरी कॉपी कधीच नको का? लागते ना, आवृत्ती वेगळी हवी असेल तेव्हा. एखादी साइट नव्यावर अडते म्हणून ईएसआर ठेवायचा, २०१२ पासून ही फायरफॉक्सची सावकाश बदलणारी शाखा आहे, डेबियन लिनक्समध्ये तर मुळात तीच येते. इथे मी मार खाल्लाय. नव्या आवृत्तीने उघडलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीने उघडलं आणि एक्स्टेंशनची निम्मी सेटिंग्ज गायब. मे २०१९ ला ६७ आवृत्ती आली तेव्हापासून जुना स्वतःच अडवतो, आणि प्रत्येक इन्स्टॉलला त्याचं वेगळं प्रोफाइल मिळतं. आता यातली गंमत, इन्स्टॉल ओळखतो कशावरून, तर फोल्डरच्या पत्त्यावरून. तुम्ही टारबॉलचं फोल्डर डाउनलोड्समधून उचलून ऑप्टमध्ये नेलं की त्याच्या मते हा नवाच बिऱ्हाडकरू, तो कोरं प्रोफाइल देतो आणि तुम्ही कपाळावर हात मारता की बुकमार्क उडाले. उडाले नाहीत. अॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन प्रोफाइल्स टाका, जुनं तिथे यादीत बसलेलं असतं.

रॅमचं विचारताय, तर दोन प्रोफाइलसाठी एकच प्रोग्राम असेल तर त्याची मोठी लायब्ररी, शंभर एमबीच्या वरची आहे ती, तिचा कोड मेमरीत एकदाच येतो, दोघं वाटून घेतात. वेगळ्या फोल्डरमधल्या दोन कॉप्या असतील तर तो दोनदा. पण खरी रॅम टॅब खातात, त्यामुळे त्याचा फार विचार करू नका.

रोजच्या वापराला डेस्कटॉप फाइल, म्हणजे मेनूत दिसणारा आयकॉन, बनवा, होममधल्या डॉट लोकल, शेअर, अॅप्लिकेशन्समध्ये मूळ फाइलची कॉपी, त्यात एक्झेकची, म्हणजे चालवायच्या आज्ञेची, ओळ आणि नाव बदलायचं. आणि माझं ऐका, दोन प्रोफाइलना ठळक वेगळ्या रंगाची थीम लावा. माझा ऑफिसचा लालभडक आहे. दिसायला वाईट आहे, पण तेव्हापासून चुकीच्या नावावर सेव्ह झालेलं नाही.

हां, शेवटचा प्रश्न, कंटेनर एक्स्टेंशन चालेल का. नुसती दोन लॉगिन हवी असतील तर छान चालेल, तिथे टॅब वेगवेगळ्या कंटेनरमध्ये उघडतात आणि प्रत्येक कंटेनरच्या कुकीज वेगळ्या होतात. पण हिस्टरी, बुकमार्क, एक्स्टेंशन सामाईकच राहतात, म्हणजे चूल एकच, ताटं वेगळी. आणि प्रोफाइल वेगळं केलं म्हणजे तिजोरी झाली असंही समजू नका हं, दोन्ही फोल्डर एकाच लिनक्स यूजरची आहेत, एकातून शिरलेला प्रोग्राम दुसरं वाचू शकतो. घरात पोरांना वेगळं द्यायचं असेल तर सरळ त्यांच्या नावाचा दुसरा यूजरच काढा, दोन मिनिटांचं काम आहे.