रान बघून चाक

(लातूरच्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, स्केटबोर्डची दोन चाकं सोबत आणली आहेत. पुढच्या रांगेतून मागे मागे पाठवा. दोन्हींवर अंगठ्याचं नख दाबून बघा. पांढऱ्यावर नख रुतत नाही, नारिंगी किंचित दबतं.

तीन वर्षांपूर्वी पुतणीला बोर्ड घेतला तेव्हा हा फरक मला माहीत नव्हता. दुकानदार म्हणाला, सगळे हेच घेतात, आणि त्याने पांढरी चाकं बसवून दिली. ५२ मिलिमीटर, १०१ए. घरासमोरचा रस्ता आपल्याकडचा, डांबर उडून खडी वर आलेली. चौथ्या दिवशी हरभऱ्याएवढा खडा चाकापुढे आला. बोर्ड जागीच अडला, लेकरू पुढे गेलं. हनुवटीला चार टाके पडले. तिचं काही चुकलं नव्हतं. मी न बघता चाक घेतलं होतं, हे आजही सलतं.

मग मात्र नीट शिकलो. चाकाचा कडकपणा ड्युरोमीटरने मोजतात. आकड्यापुढे 'ए' लिहितात: ७८ए मऊ, ९९ए-१०१ए कडक. पूर्वी लोखंडाची आणि 'क्ले' म्हणवणारी चाकं असायची, ती बारीकशा खड्यालाही अडत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डसाठी बाजारात आणली आणि या खेळात नवा जीव आला. मऊ चाक खड्यावर दबतं आणि पुढे जातं. पण गुळगुळीत फरशीवर तेच दबणं वेग खातं. तिथे कडक चाक सुसाट पळतं आणि हवं तेव्हा घसरवताही येतं.

दुसरं माप व्यासाचं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का, हे इथे कुणाला सांगायला नको. मोठं चाक खड्यावरून चढून जातं, लहान चाक त्यावर आपटतं. म्हणून आपल्या रस्त्यांवर नुसतं फिरायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे: ५६ ते ६० मिलिमीटर, ७८ए ते ८५ए. मात्र मोठं चाक वळताना फळीला घासतं आणि बोर्ड झटक्यात थांबतो, म्हणून ट्रक, म्हणजे चाकं बसवलेला धातूचा आस, आणि फळी यांच्या मध्ये रायझर पॅड, म्हणजे फळी उचलून धरणारी जाड चकती, घाला. घोटलेल्या सिमेंटच्या मैदानावर उड्या शिकायच्या असतील तर ५२-५४ आणि ९९ए घ्या. बेअरिंगची फार चिंता नको. जवळजवळ सगळ्या बोर्डांना ६०८ नंबरचंच बसतं, बाहेरून २२ मिलिमीटरचं. त्यात धूळ जाऊ देऊ नका, एवढं पुरे.

काळ्या रानातलं पीक आपण बरडात घेत नाही. बी घेण्याआधी रान बघतो. चाकाचंही तसंच आहे.

मध्यंतरी पुतणी रडवेली होऊन म्हणाली, "काका, माझ्यात जोरच कमी आहे. पोरांएवढी उडी जमत नाही." तेव्हा मी तिला अदिती अशोकबद्दल सांगितलं. बेंगळुरूची ही मुलगी २०१६ साली, १८व्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळली. तिथे ४१व्या स्थानावर राहिली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ओपन जिंकली. लेडीज युरोपियन टूर या महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत जिंकणारी ती पहिली भारतीय.

तिचा लांबचा फटका जोरदार नाही. २०२१ला टोकियोत खेळण्याआधी कोरोना होऊन गेला होता, त्यात ताकद आणखी घटली. अमेरिकेच्या नेली कोर्डाचा चेंडू तिच्या कितीतरी पुढे पडायचा. पण ग्रीनवर, जिथे चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा असतो, तिथे अदिती वाकून उतार बघायची, गवत बघायची आणि लांबलांबचे पुट, म्हणजे असे हलके फटके, होलमध्ये घालायची. सोबत कॅडी म्हणून, म्हणजे काठ्यांची पिशवी सांभाळायला, तिची आई होती. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो पुढे. अदितीचे चार दिवसांचे फटके ६७, ६६, ६८, ६८. एकूण २६९. कोर्डा २६७वर पहिली. रौप्य-कांस्यासाठी ज्या दोघींत प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारा जादा खेळ, झाला, त्या २६८वर. एका फटक्याने पदक हुकलं! शेवटच्या होलवरचा लांब पुट जाता जाता हुकला. त्या सकाळी गोल्फमधलं ओ की ठो न कळणारी माणसंही टीव्हीसमोर श्वास रोखून बसली होती. मीही त्यांतलाच.

पुतणीला मी अदितीची वाईट फेरीही सांगितली. २०२३मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी अदिती सात फटक्यांनी पुढे होती. त्या दिवशी ७७ फटके लागले, सुवर्ण गेलं, रौप्य मिळालं. आशियाई स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, तरी तो दिवस तिला किती जड गेला असेल! पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, ती स्पेनमध्ये जिंकली.

आता पुतणी उड्यांची बरोबरी करत नाही. तिला वळणं आवडतात, उतारावर बोर्ड संथ ठेवणं आवडतं. कुठल्याही नव्या रस्त्यावर आधी खाली बसते, तळहात फिरवते, खडे बाजूला सारते, मगच पाय ठेवते.

चाकं मागे पोहोचली असतील तर परत पाठवा. नारिंगी तिचं आहे, सकाळी सहाला लागतं.